जुन्या फोटोंमधला तो मऊ उजेड आला कुठून?

मागे एआयने रेट्रो साडीतले फोटो करून टाकायची लाट आली होती, आठवत असेल. चेहऱ्यावर एका बाजूने येणारा मऊसर उजेड, नाकाची सावली असून नसल्यासारखी, आणि खाली कोणीतरी हमखास लिहिलेलं की पूर्वीच्या कॅमेऱ्यांची बातच वेगळी होती. मला हे वाचलं की राहवत नाही, कारण एकोणिसाव्या शतकातल्या फोटोग्राफर लोकांनी तो उजेड मिळवण्यासाठी जे कष्ट घेतले ते सगळे त्यांच्या कॅमेऱ्याच्या नावावर जमा होतात. खरं तर कॅमेरा हीच त्यांची सगळ्यात मोठी अडचण होती. उजेड ते खोलीत घडवायचे, काचा, पडदे, आरसे आणि पांढरी कापडं वापरून, आणि हे तंत्र बसायला पहिली दहा-पंधरा वर्षं गेली. ते कसं बसलं ते आज अगदी मुळापासून बघू.

मऊ उजेड म्हणजे मंद उजेड ना?

इथेच बहुतेकांचा घोळ होतो. मऊ उजेड, ज्याला फोटोवाले सॉफ्ट लाइट म्हणतात, तो ओळखायचा सावलीच्या कडेवरून. सावलीची कड स्पष्ट दिसली की उजेड कडक, आणि सावली कुठे सुरू होते तेच कळेनासं झालं की उजेड मऊ. भर दुपारी उन्हात जमिनीवर हात धरून बघा, पाचही बोटं वेगळी दिसतील. पावसाळ्यात ढग भरून आलेल्या दिवशी तोच हात तसाच धरा, सावली शोधावी लागेल. आता रात्री लाइट गेल्यावर मेणबत्ती लावा, उजेड एवढासा, पण सावल्यांच्या कडा बऱ्यापैकी ठसठशीत. म्हणजे मंद असूनही तो कडकच.

सगळा हिशोब एका गोष्टीवर आहे, चेहऱ्याच्या जागेवरून उजेडाचा उगम किती मोठा दिसतो. सूर्याचा व्यास जवळपास १४ लाख किलोमीटर, पण तो आहे १५ कोटी किलोमीटरवर, त्यामुळे आपल्याला तो फक्त अर्ध्या अंशाएवढा दिसतो. एक मीटरवर ठेवलेल्या मेणबत्तीची ज्योतही साधारण तेवढीच रुंद दिसते! म्हणून दोघांच्या सावल्या एका जातीच्या.

हे चेहऱ्यावर कसं उतरतं ते बघा. नाकाचा शेंडा गालापासून दोन-तीन सेंटिमीटर पुढे असतो. उन्हात त्या नाकाची जी सावली पडते तिची कड जेमतेम पाव मिलिमीटरची असते, उजेड संपला की लगेच काळोख. त्याच माणसाला चार फूट रुंदीच्या खिडकीपासून चार फुटांवर बसवा, आता ती कड दोन-तीन सेंटिमीटरची होते, म्हणजे कडच सावलीएवढी, उजेड गालावरून हळूहळू उतरत जातो आणि सावली अशी वेगळी उरतच नाही. सुरकुत्या, खड्डे, व्रण यांचंही तेच, कारण त्याही शेवटी बारीक बारीक सावल्याच. ज्या काळात देवीचे व्रण घरोघरी होते त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती.

मग पहिल्याच दिवशी खिडकीशी का नाही बसवलं?

कारण प्लेट, म्हणजे ज्यावर फोटो उमटतो तो पत्रा किंवा काच, फार हळू होती. फ्रान्सच्या लुई दागेरचा शोध, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर फोटो उमटवायची रीत, पॅरिसमध्ये १८३९ च्या ऑगस्टमध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. तिला दागेरोटाइप म्हणतात. त्या पत्र्यावर उजेड किती वेळ पडू द्यायचा त्याला एक्स्पोजर म्हणायचं, आणि सुरुवातीला ते मिनिटांमध्ये मोजावं लागायचं. नळाला बारीक धार असली की हंडा भरायला वेळ लागतो, तसंच हे, उजेडाची धार जितकी बारीक तितका माणूस जास्त वेळ न हलता बसायला हवा. उन्हातून सावलीत आलं की उजेड साधारण आठ पटीने कमी होतो. उन्हात तीन मिनिटं लागणार असतील तर सावलीत चोवीस, आणि चोवीस मिनिटं कोण पुतळा होऊन बसणार?

म्हणून पहिले लोक मुकाट्याने बाहेर गेले. फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट कॉर्नेलियसने १८३९ मध्येच घरच्या दिव्यांच्या दुकानामागे उघड्यावर उभं राहून स्वतःचा फोटो काढला, हाताची घडी, केस विस्कटलेले, फ्रेममध्ये थोडा बाजूला सरकलेला. आज त्या फोटोला जगातल्या सगळ्यात जुन्या पोर्ट्रेट्सपैकी एक मानतात.

पण उघड्यावर दोन अडचणी. एक तर ऊन वरून येतं त्यामुळे डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, आणि दुसरं म्हणजे उन्हाकडे तोंड करून डोळे उघडे ठेवता येत नाहीत. त्या काळातले बरेच चेहरे आपल्याला रागावलेले वाटतात, त्याचं एक कारण हे आहे, माणूस ऊन सोसत बसलेला असायचा. मानेमागे लोखंडी स्टँडची पकड असायची डोकं हलू नये म्हणून, कित्येक फोटोंमध्ये त्या स्टँडचा पाय बुटांमागे दिसतो, नीट बघितलं तर सापडतो.

मोरचूद आणि निळी काच, हे मधेच काय?

मला या सगळ्या गोष्टीतला हा भाग सगळ्यात आवडतो. १८४० च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला अलेक्झांडर वॉलकॉटने लोकांचे फोटो काढायचा स्टुडिओ उघडला. त्याच्या कॅमेऱ्यात लेन्सच नव्हती, आतमध्ये एक अंतर्वक्र आरसा होता. खिडकीबाहेर मोठे आरसे लावून तो ऊन खोलीत बसलेल्या माणसाच्या तोंडावर टाकायचा. आता एवढं ऊन थेट तोंडावर आलं तर डोळे मिटणारच, म्हणून मधल्या वाटेत त्याने मोरचुदाचं निळं पाणी भरलेली काचेची भांडी ठेवली. पुढच्याच वर्षी, २३ मार्च १८४१ ला, लंडनमध्ये रिचर्ड बिअर्डने रॉयल पॉलिटेक्निकच्या गच्चीवर स्टुडिओ काढला तोही निळ्या काचांच्या छपराचा.

निळंच का, तर तेव्हाच्या प्लेटला फक्त निळा, जांभळा आणि त्यापलीकडचा डोळ्यांना न दिसणारा अतिनील उजेडच कळायचा. हिरवा जेमतेम, पिवळा आणि लाल जवळपास शून्य. आपल्या डोळ्यांचं उलट, त्यांना पिवळा-हिरवा सगळ्यात प्रखर वाटतो. म्हणजे डोळ्याला त्रास देणारा बराचसा उजेड प्लेटच्या कामाचाच नव्हता. निळ्या पाण्याने तो गाळून टाकला की माणसाला आराम आणि प्लेटचं नुकसान फार थोडं. १८४० मधल्या कारागिरांनी हे इतक्या लवकर हेरलं याचं मला अजून नवल वाटतं.

उजेड मात्र अजून कडकच होता बरं का. आरशातून आलेलं ऊन हे ऊनच, फक्त वरून येण्याऐवजी समोरून आलं.

उजेड मऊ झाला तो कधी?

प्लेट आणि लेन्स दोन्ही सुधारल्या तेव्हा. १८४० मध्ये व्हिएन्नाच्या योसेफ पेट्झवालने गणित मांडून खास पोर्ट्रेटसाठी लेन्स तयार केली, ती दागेरच्या कॅमेऱ्यातल्या लेन्सपेक्षा पंधरा पटीहून जास्त उजेड आत घ्यायची. त्याच सुमारास, पत्र्याला उजेड कळावा म्हणून जी आयोडीनची वाफ द्यायचे तिच्या जोडीला ब्रोमीनची वाफ दिली की पत्रा जास्त तल्लख होतो हे कळलं. दोन्ही मिळून काम मिनिटांवरून सेकंदांवर आलं. मग १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने काचेवर कलोडियनचा चिकट थर देऊन ती प्लेट ओली असतानाच वापरायची रीत काढली, तिने फोटोचा धंदा घरोघरी पोचवला.

आता हाताशी वेळ उरला होता. काही सेकंद जास्त लागले तरी चालणार होते, म्हणून ते थेट ऊन सोडून आभाळाच्या उजेडाकडे वळले, आणि काचघर आलं. इंग्लंडमध्ये काचेवर कर होता तो १८४५ मध्ये उठला, काच स्वस्त झाली, त्याचीही मदत झाली. इमारतीचा सगळ्यात वरचा मजला, एका बाजूचं छप्पर उतरतं आणि पूर्ण काचेचं, त्याखालची भिंतही बरीचशी काचेची. आतून तारांवर सरकणारे पडदे, काही पातळ पांढरे, काही गडद निळे किंवा काळे. माणूस बसला की फोटोग्राफर काठीने एकेक पडदा सरकवत चेहऱ्याकडे बघत राहायचा, वरचा उजेड जास्त झाला तर कपाळ चमकतं आणि डोळे बुडतात म्हणून वरचा अर्धा झाक, बाजूचा उघड, नाकाखाली काळं येतंय तर पलीकडे पांढरं कापड ताणलेली चौकट आण. माणसामाणसाला वेगळी जुळणी लागायची. हडकुळ्या चेहऱ्याला समोरून जास्त, भरलेल्या चेहऱ्याला बाजूने जास्त.

घरात कोणाचा जुना स्टुडिओतला फोटो असेल तर भिंग घेऊन डोळ्याचं बुबुळ बघा. तिथे एक पांढरा ठिपका असतो, आणि चांगल्या प्रिंटमध्ये तो चौकोनी किंवा तिरका दिसतो. ती त्या स्टुडिओची खिडकी आहे. ठिपका कुठे आहे आणि केवढा आहे यावरून उजेड कुठून येत होता ते आजही सांगता येतं.

काच उत्तरेलाच का?

लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क ही सगळी शहरं कर्कवृत्ताच्या बरीच वर आहेत. तिथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडेच असतो, म्हणून उत्तरेच्या काचेतून दिवसाच्या कामाच्या वेळात थेट ऊन आत येत नाही, येतो फक्त आभाळाचा उजेड. चित्रकार हे फार आधीपासून करत होते. फोटोग्राफरला मात्र त्यात आणखी एक फायदा मिळाला. उत्तरेचं मोकळं आभाळ निळं, आणि प्लेटला हवा तोच रंग. डोळ्यांना ती खोली सावलीतली वाटायची पण प्लेटला ती बऱ्यापैकी उजळ होती. मऊपणा आणि वेग दोन्ही एका काचेतून मिळत होते, माझ्या मते काचघर इतकं टिकलं ते मुख्यतः यामुळे. ऑस्ट्रेलियात सगळं उलटं, तिथे दक्षिणेचा उजेड.

आणि आपल्याकडे? शून्य सावली दिवस आपल्याला पेपरमधून माहीत आहे. मुंबईत सूर्य मेच्या मध्यावर बरोबर डोक्यावर येतो आणि परत जुलैच्या शेवटी येतो, मधल्या काळात दुपारचा सूर्य चक्क थोडा उत्तरेला असतो. म्हणजे लंडनचा नियम मुंबईत जसाच्या तसा लावला तर मे-जूनच्या दुपारी उतरत्या काचेतून ऊन थेट गिऱ्हाइकाच्या टाळूवर. जूनच्या मध्यापासून ढग येतात तो भाग वेगळा, ढगाळ आभाळ म्हणजे आपोआपच मोठी मऊ खिडकी.

मऊ उजेडात चेहरा सपाट नाही होत का?

होतो, जर तो चहूबाजूंनी सारखा आला तर. उघड्या माळावर ढगाळ दिवशी काढलेला पासपोर्ट फोटो आठवा, ना नाक दिसतं ना हनुवटी. म्हणून जुने लोक मऊ उजेड घ्यायचे पण एका बाजूने घ्यायचे, आणि दुसऱ्या बाजूला किती काळोख ठेवायचा ते पांढऱ्या कापडाने किंवा आरशाने ठरवायचे. या परत फेकणाऱ्या वस्तूला रिफ्लेक्टर म्हणतात.

एडिंबराला डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल हा चित्रकार आणि रॉबर्ट अ‍ॅडमसन हा तरुण फोटोग्राफर, दोघांनी १८४३ पासून कॅल्टन हिलवरच्या रॉक हाउसच्या आवारात आणि जवळच्या न्यूहेवनच्या कोळ्यांमध्ये फोटो काढले, ते कागदाच्या निगेटिव्हवर, आणि बहुतेक सगळे उघड्यावर. थंड देश, ऊन तिरकं, तरी सावल्या काळ्या व्हायच्याच, म्हणून ते अंतर्वक्र आरशाने सावलीच्या बाजूला थोडा उजेड परत टाकायचे. १८४८ मध्ये अ‍ॅडमसन अवघ्या २६ व्या वर्षी गेला, तोवर दोघांनी जवळपास तीन हजार फोटो केले होते. न्यूहेवनच्या कोळणींचे ते फोटो एकदा शांतपणे बघा, पट्टेरी परकराची चुणी न चुणी मोजता येते आणि चेहरा मात्र कुठेच कोरडा वाटत नाही.

उलटं उदाहरण पॅरिसच्या नादार या फोटोग्राफरचं. त्याचे १८५० च्या दशकातले पोर्ट्रेट, साधी गडद पाठ, बाजूने आलेला आभाळाचा उजेड, माझ्या दृष्टीने त्या शतकातलं सगळ्यात चांगलं काम आहे. हाच माणूस विजेच्या मागे लागला, बॅटरींची रांग लावून कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी पेटवायचा तो आर्क दिवा त्याने आणला आणि १८६१ मध्ये कृत्रिम उजेडातल्या फोटोचं पेटंटही घेतलं. दिवा प्रचंड प्रखर, पण उजेड येणार बोटाच्या पेरापेक्षाही लहान जागेतून. चेहरे भयानक यायला लागले, सावल्या ठार काळ्या आणि नजर टोचणारी, मग त्याला पुन्हा पांढऱ्या कापडाचे रिफ्लेक्टर आणि आरसे मांडून सावल्या भराव्या लागल्या. प्रखर आणि मऊ यांचा एकमेकांशी संबंध नाही हे त्याच्याइतकं महागात कोणी शिकलं नसेल.

म्हणजे ते धूसर फोटो, तोच सॉफ्ट लाइट ना?

ही गफलत फार होते, आणि तिच्या मुळाशी बहुतेक वेळा ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनचं नाव असतं. बाई १८१५ मध्ये कलकत्त्यात जन्मलेल्या, इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर राहायच्या, आणि वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांना घरच्यांनी कॅमेरा भेट दिला. त्यांनी कोंबड्यांचं काचेचं खुराडं रिकामं करून त्याचा स्टुडिओ केला आणि कोळशाच्या कोठीची डार्करूम. त्यांच्या फोटोंमध्ये कडा विरघळलेल्या असतात ते लेन्सच्या फोकसमुळे आणि लांबलेल्या एक्स्पोजरमध्ये माणूस किंचित हलल्यामुळे. त्याला सॉफ्ट फोकस म्हणायचं. उजेड ही निराळी बाब.

१८६७ चा जॉन हर्शेलचा फोटो घ्या, हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचा, गुण ज्यांनी शोधला तेच हे शास्त्रज्ञ. काळी टोपी, काळं पांघरूण, पाठ काळी, त्यातून फक्त चेहरा आणि पिंजारलेले पांढरे केस उजेडात आलेले. इथे उजेड एकाच दिशेने घेतलाय, बाकी सगळं झाकलंय, कपाळावरची प्रत्येक सुरकुती दिसते. फोकस हळुवार पण उजेड बराच धीट. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वापरता येतात हे त्या एका फोटोत कळतं, आणि आज फोनवर ब्लर वाढवून सॉफ्ट लाइट आणला म्हणणाऱ्यांनी तो जरूर बघावा.

आपल्या पणजीच्या कपाळावरचं कुंकू काळं का दिसतं?

फोटोग्राफी मुंबईत लवकर आली. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ मध्ये निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या पहिल्या फळीतले फोटोग्राफर, हरिश्चंद्र चिंतामण यांचाही मुंबईत स्टुडिओ होता. यांच्या हातातही तीच फक्त निळं ओळखणारी प्लेट. लाल तिला दिसत नाही, म्हणून लाल कुंकू काळं, लाल पगडी काळी. आपली सावळी-गव्हाळ कातडी निळा उजेड फारच कमी परत पाठवते, त्यामुळे चेहरा होता त्याहून गडद यायचा, आणि शेजारी पांढरं उपरणं किंवा धोतर असेल तर ते निव्वळ पांढरं फटक. त्या काळचे भारतीय चेहरे फोटोत इतके काळेसावळे दिसतात त्यात प्लेटचा वाटा मोठा आहे, तेच लोक डोळ्यांना तसे दिसत नसणार.

अशा वेळी कडक ऊन म्हणजे सत्यानाश, आधीच गडद चेहरा आणि त्यात काळ्या सावल्या. मऊ उजेड इथे सौंदर्यापेक्षा गरज होती, चेहऱ्याचा तपशील वाचवायची. १८७३ मध्ये हेर्मान फोगेलने प्लेटमध्ये रंगद्रव्य घातलं तर ती हिरवा-पिवळाही ओळखते हे दाखवलं, पण लाल रंगापर्यंत नीट पोचणाऱ्या प्लेट्स बाजारात यायला विसावं शतक उजाडलं.

मग आता फोनमधलं पोर्ट्रेट मोड हेच करतं ना?

अर्धंच करतं. पाठ धूसर करणं म्हणजे फोकसची नक्कल झाली. स्टुडिओ लाइट नावाचा जो इफेक्ट असतो तो काढलेल्या फोटोत चेहऱ्याचे भाग उजळ-गडद करतो, पण नाकाची पाव मिलिमीटर कडेची काळी सावली एकदा गालावर पडली की खालची कातडी कशी होती त्याचा बराच अंदाजच बांधावा लागतो, म्हणून चेहरा मेणाचा वाटायला लागतो. रिंग लाइटचंही तेच गणित, दोन फुटांवर असेल तर मऊ, तोच खोलीच्या पलीकडे नेला तर लहान दिसायला लागतो आणि कडक होतो, भले दिवा तोच असो.

घरी करून बघायचं असेल तर थेट ऊन येत नसलेली सगळ्यात मोठी खिडकी निवडा, माणसाला तिच्यापासून तीन-चार फुटांवर तिरकं बसवा, वरचा ट्यूबलाइट बंद करा, आणि पलीकडच्या बाजूला कोणालातरी पांढरी चादर धरून उभं करा. चादर जवळ-लांब करत नाकाच्या पलीकडच्या गालाकडे बघत राहा, हवा तेवढा काळोख उरला की थांबा आणि फोटो काढा.